घोड्याचं क्लिपिंग: क्लिपर यायच्या आधी मालकाने काय काय तयार ठेवायचं?

पानझड (यॉर्कशर)

नमस्कार मंडळी. घोड्याची वाढलेली हिवाळी लव मशीनने कापायची आहे (क्लिपिंग), त्यासाठी येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता क्लिपर, म्हणजे ते काम करणाऱ्या बाई, यार्डवर (तबेल्याच्या आवारात) येणार आहेत. घोडा कुमैत (अंग तपकिरी, आयाळ-शेपटी काळी), नऊ वर्षांचा, उंची १५.२ हात (१५ हात २ इंच, इथे हात चार इंचांचा). कॉबचं (ठेंगण्या, दणकट, दाट लवेच्या घोड्याचं) रक्त असल्यामुळे अंगावर लव अस्वलासारखी. आठवड्यातून चार दिवस काम, दिवसा कुरणात, रात्री तबेल्यात. ब्लँकेट क्लिप (पाठीवरची लव ठेवून मान, छाती, पोट कापणं) करायचं ठरतंय. बाईंचा निरोप एवढाच: "घोडा स्वच्छ, कोरडा आणि शांत उभा राहणारा हवा." यात नेमकं काय काय येतं? आंघोळ कधी घालायची? रेघा कोणी आखायच्या? विजेचं, उजेडाचं काय? आणि मशीनच्या आवाजाला तो बुजला तर? याआधी कधी क्लिपिंग झालंय का, ते माहीत नाही.

खरारा

आधी 'स्वच्छ'चं बघू. बहुतेक क्लिपिंगं तिथेच बिघडतात, आणि मग दोष मशीनला दिला जातो.

मशीनला दोन पाती असतात. खालचं स्थिर, वरचं डाव्या-उजव्या बाजूला सरकतं. दोन्ही एकमेकांना घट्ट घासत राहिली तरच केस कापला जातो. घोड्याच्या कातडीचं तेल, कोंडा आणि वाळलेली माती यांचा राखाडी चिकटा त्या दोन पात्यांच्या मध्ये जाऊन बसतो. पाती एकमेकांपासून सुटतात, केस कापला न जाता चघळला जातो, ओढला जातो. पातं तापतं, मोटर कण्हायला लागते. घोड्याला चिमटे बसतात आणि तो अंग चोरायला लागतो. मग आपण म्हणतो, घोडा मशीनला घाबरतो. तो आवाजाला नाही, चिमट्याला घाबरलेला असतो.

परीक्षा सोपी आहे. पुठ्ठ्यावर, शेपटीच्या मुळाशी, लवेच्या उलट दिशेने बोटं दाबून फिरवा. बोटांच्या टोकांना राखाडी मेण लागलं तर घोडा स्वच्छ नाही, वरून कितीही चमकत असला तरी. हीच परीक्षा आयाळीखाली, पाठीच्या कण्यावर, कोपराच्या मागे आणि मागच्या पायांच्या मध्ये करा. मेण या पाच जागांवर धरतं.

शनिवारी क्लिपिंग, तर आंघोळ गुरुवारी दुपारी. शुक्रवारी नको, कॉबची लव एका रात्रीत मुळापर्यंत वाळेल याचा भरवसा नाही. आधी कोरडा खरारा करून सुटी माती आणि कोंडा काढा, नाहीतर आंघोळीत त्याचा चिखल होतो. मग कोमट पाणी, शाम्पू आणि रबरी खराऱ्याने गोल गोल, मुळाशी. शाम्पू दोनदा. पहिल्या वेळी फेस येतच नाही, तेल सगळा फेस खातं. दुसऱ्या वेळी फेस धरला की समजा तेल निघालं. आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. लवेत राहिलेला साबण वाळला की तेलाइतकाच चिकट होतो.

पन्हाळकरीण

खरारा यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन, पण हवामान बघून. वारा असेल आणि पारा १० अंशांच्या खाली असेल तर पूर्ण आंघोळ घालू नका. अशा वेळी गरम फडका.

बादलीत हाताला सोसेल तितकं कडक पाणी, हातात रबरी मोजे, टर्किशचे पाच-सहा जुने तुकडे. फडका बुडवून अगदी करकचून पिळायचा, वाफ निघाली पाहिजे पण थेंब पडता कामा नये. मग लवेच्या उलट दिशेने दाबून एकदा, सरळ दिशेने एकदा. वाफेने मेण सैल होतं आणि फडक्यावर उतरतं. फडका काळा झाला की बाजू बदला, दोन्ही बाजू काळ्या झाल्या की दुसरा घ्या. बादलीतलं पाणी निदान तीनदा बदलायचं, नाहीतर एका जागचं मेण दुसऱ्या जागी सारवलं जातं. एक भाग झाला की त्यावर लगेच झूल, मगच पुढचा भाग.

बरेच जण पाण्यात बेबी ऑइलचा शिंतोडा टाकतात. ते क्लिपिंगनंतरच्या पुसण्यासाठी ठीक, तेव्हा त्याने बारीक कापलेले केस आणि कोंडा उचलला जातो. क्लिपिंगच्या आधी मात्र थेंबही नको. आपण तेल काढायला बसलोय, घालायला नाही.

पानझड (यॉर्कशर)

गुरुवारी ११-१२ अंश आणि कोरडं सांगताहेत, तेव्हा आंघोळ जमेल. पण वाळवायचं कसं? आणि गुरुवारी धुतलेला घोडा शनिवारपर्यंत स्वच्छ ठेवायचा कसा? हा चिखल दिसला की लोळतो.

खरारा

पट्टीने पाणी निपटून काढा, पाय आणि पोट टॉवेलने टिपा, वर ओलावा बाहेर टाकणारी फ्लीसची झूल घाला आणि अर्धा तास हाताने फिरवा. फ्लीसच्या बाहेरच्या बाजूला दव जमेल, तो ओलावा लवेतून बाहेर आलेला आहे. ती झूल काढून दुसरी कोरडी घाला. ओली झूल तशीच ठेवली तर ओलावा परत आत जातो. वाळलाय की नाही ते हात वरून फिरवून कळत नाही. बोटं लवेत कातडीपर्यंत घाला, छातीवर, पोटाखाली आणि मागच्या मांड्यांच्या आत. या जागा सगळ्यात शेवटी वाळतात. दमट केस पात्यापुढे वाकतो, झुपक्याने कापला जातो आणि अंगावर शेतात नांगर फिरवल्यासारख्या रेघा उमटतात.

स्वच्छ ठेवण्यासाठी गुरुवार दुपारनंतर कुरण बंद. आत सुती चादर, वर तबेल्याची झूल. मानेवरही. सुती चादर रोज स्वच्छ घाला, झुलीच्या अस्तरात जुनं मेण असतंच आणि ते धुतलेल्या लवेवर परत येतं. शुक्रवारी हलकं काम चालेल, घाम येईल इतकं नको. वाळलेला घाम म्हणजे मीठ, त्याने पात्याची धार जाते.

उंबरठा

एक गोष्ट राहिली. बिछाना लाकडाच्या भुशाचा असेल तर शुक्रवारी रात्री शक्य असेल तर पेंढा घाला, किंवा निदान मान आणि पोट झाकणारी झूल. घोडा आडवा झाला की भुशाचे बारीक काप लवेत शिरतात, वरून ब्रश केला तरी मुळाशी राहतात, आणि पात्याच्या दातात अडकले की धार मोडते. पेंढ्याची काडी मोठी असते, हाताने उचलता येते.

शनिवारी सकाळी पुन्हा एकदा पूर्ण ब्रश. व्हॅक्यूम असेल आणि घोड्याला सवय असेल तर उत्तम.

पन्हाळकरीण

आणि सिलिकॉनचा चमक-फवारा? वापरायचाच असेल तर आंघोळीनंतर, लव वाळल्यावर, फार तर शुक्रवारी सकाळी. त्याने पाती घसरत जातात, हे खरं. शनिवारी सकाळी मारलात तर लव दमट. आणि खोगिराच्या व तंगाच्या जागेवर अजिबात नको, दुसऱ्या दिवशी खोगीर सरकतं. काही क्लिपरना हा फवारा मुळीच चालत नाही, आधी फोन करून विचारा.

अश्ववैद्यक

पानझड, आंघोळ घालताना सगळं अंग हाताने तपासून घ्या. दाट लवेखाली काय आहे ते वर्षभर दिसत नाही, क्लिपिंग करणाऱ्यांना ते पात्यानेच कळू नये. गाठी, सारकॉइड (कातडीवरच्या मशासारख्या वाढी), तंगाच्या घासण्याच्या जागा, जुने व्रण, खपल्या. जे सापडेल त्याभोवती खडूने गोल करा आणि शनिवारी हात लावून दाखवा. घोडा सब्जा (राखाडी-पांढरा) असेल तर शेपटीखाली आणि कानाच्या मुळाशी मेलॅनोमाच्या गाठी बघा, सब्ज्या रंगात वयाबरोबर त्या फार आढळतात.

केसांचे गोल झडलेले, खपलीदार चट्टे दिसले तर क्लिपिंग रद्द. ही बहुधा बुरशी, आपल्याकडे गजकर्ण म्हणतो तीच. पात्याने कातडीला डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक जखमा होतात आणि बुरशी अंगभर पेरली जाते. शिवाय तीच पाती पुढच्या यार्डवर जातात, आणि माणसालाही लागण होते. क्लिपर दुसऱ्या यार्डवरून येत असतील तर पाती आणि मशीनचं डोकं निर्जंतुक केलंय का हे विचारायला संकोच करू नका. चांगला क्लिपर या प्रश्नाने दुखावत नाही.

खुराच्या वरच्या भागात चिखलाने पापुद्रे धरलेत का तेही बघा. असतील तर त्या पायाला मशीन लावायचं की नाही हे तुमच्या पशुवैद्यकांशी बोलून ठरवा. धनुर्वाताची लस चालू आहे ना, याची खात्री करा. ओरखडा निघणं अशक्य नसतं.

उंबरठा

रेघांबद्दल. क्लिपर आखून देतात, पण 'कुठे' हे मालकाने ठरवलेलं असावं. घोडा किती बाहेर राहतो, किती घाम गाळतो, कुठे गाळतो, हे तुम्हाला ठाऊक, त्यांना नाही. चार दिवस काम आणि दिवसा कुरण, म्हणजे ब्लँकेट बरोबर आहे. पाठ, कंबर आणि पुठ्ठ्याचा वरचा भाग झाकलेला, मान, छाती आणि पोट मोकळं, पाय तसेच. हंटर क्लिप (पाय आणि खोगिराची जागा सोडून सगळं अंग कापणं) इतक्या बाहेर राहणाऱ्या घोड्याला जास्त होईल.

आखताना कमी रुंदीची व्यायामाची झूल पाठीवर सारखी टाका आणि तिच्या कडेने खडू फिरवा. मग समोर आणि मागे उभं राहून बघा, पण डोळ्यावर विसंबू नका. सुतळी घ्या, पाठीच्या कण्यावर एक टोक धरा, कोपरामागे, पोटाच्या मध्यावर आणि स्टायफलपाशी (मागच्या पायाच्या गुडघ्यापाशी) रेघेपर्यंतचं अंतर मोजा, गाठ मारा, तीच सुतळी दुसऱ्या बाजूला टाका. घोडा एका बाजूने जास्त भरलेला असतो हे तिथे कळतं. रेघ हवी त्याच्यापेक्षा दोन बोटं खाली आखा. कापताना वर सरकवता येते, खाली आणता येत नाही.

पुढच्या पायाची रेघ कोपरापासून पुढे तिरकी उतरू द्या. मागच्या पायाची स्टायफलपासून हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या) टोकाच्या वरपर्यंत. आडवी सरळ कापली की पायमोजे घातल्यासारखं दिसतं. शेपटीच्या मुळाशी उलटा व्ही, साधारण चार बोटं उंच, म्हणजे शेपटीचे केस चुकून कापले जात नाहीत.

कुमैत अंगावर पांढरा खडू उठून दिसतो, सब्ज्यावर निळा घ्या. मेणाचे रंग किंवा मार्कर नको, पात्यात चिकटतात. आणि कुमैत घोडा कापल्यावर उंदराच्या रंगाचा दिसणार आहे हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पहिल्यांदा बघणारे दचकतात.

पन्हाळकरीण

भोवरे दाखवून ठेवा. आपल्याकडे भोवऱ्यांवरून घोड्याची शुभाशुभ परीक्षा करतात, क्लिपिंगमध्ये त्यांचं काम अगदी रोकडं आहे. पातं कायम लवेच्या उलट चालवावं लागतं, आणि भोवऱ्यात लव वर्तुळात फिरते, म्हणून तिथे मशीनलाही चारी बाजूंनी फिरावं लागतं. कुशीत, छातीवर, गळ्याशी, मानेच्या कडेला. देवमण म्हणतात तो गळा-छातीकडचा भोवरा दाट लवेत दिसतच नाही, कापताना तिथे ठिगळ राहतं. आंघोळीनंतर लव ओली असताना भोवरे स्वच्छ दिसतात, तेव्हाच कागदावर टिपून ठेवा.

आयाळ एका बाजूला रबरबँडने झुपके करून बांधा, शेपटी वेणी घालून वर गुंडाळा आणि पट्टी बांधा. नाकातोंडाच्या आणि डोळ्यांभोवतीच्या लांब मिशा कापू देऊ नका. घोड्याला नाकासमोरचं दिसत नाही, तो मिशांनी चाचपतो. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघ एफईआयने १ जुलै २०२१ पासून मिशा कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत बंदी केली आहे. कानाच्या आतली लवही राहू द्या.

तारतंत्री

विजेचं मी लिहितो. मशीन वायरचं असेल तर ३० मिलीअँपिअरची आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारी कळ) हवीच. यार्डच्या बोर्डावर आहे का बघा, तिचं टेस्टचं बटण दाबून ती खरंच पडते का ते शुक्रवारी तपासा. नसेल तर प्लगमध्ये लावायची मिळते. एक्स्टेंशनची वायर रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या वायरीला मोटरच्या भाराने आतल्या आत उष्णता धरते आणि आवरण वितळतं. वायर घोड्याच्या पायाखालून नको, भिंतीवर खिळ्याला टांगून वरून खाली येऊ द्या.

जमीन कोरडी. नालवाला घोडा ओल्या काँक्रीटवर उभा असतो तेव्हा माणसाला मुंग्या येतील इतक्या गळतीनेही तो कोसळू शकतो. त्यामुळे जिथे आंघोळ घालता ती जागा क्लिपिंगला वापरू नका. रबरी चटई असलेली, छप्पर असलेली, वारा न लागणारी जागा निवडा. खालचा बिछाना काढून झाडून घ्या, म्हणजे पडलेले केस लगेच लोटता येतात आणि सुतळीचा तुकडा वा दगड पात्यात जात नाही.

उजेड दोन्ही बाजूंनी हवा. एकाच बाजूने असला की पोटाखाली सावली पडते आणि रेघा उन्हात नेल्यावरच दिसतात. ११ ची वेळ चांगली आहे, दोन तास लागले तरी दिवस असतो.

बॅटरीचं मशीन असेल तर वायरची कटकट नाही, पण दाट कॉबला एक बॅटरी पुरेल असं धरू नका, दुसरी चार्ज केलेली जवळ असू द्या.

पानझड (यॉर्कशर)

खूपच उपयोगी. आता तिसरा शब्द: उभा राहणारा. चार दिवसांत काही करता येईल?

खरारा

चार दिवसांत पूर्ण सवय होत नाही. दोन-तीन आठवडे हवेत. पण अंदाज नक्की येतो, आणि तो शनिवारच्या आधी आलेला बरा.

आज इलेक्ट्रिक टूथब्रश किंवा मसाजर आणा. पहिल्यांदा पंधरा पावलांवर चालू करा, घोडा दाणा खात असताना. कान फिरवेल, मान उचलेल, मग परत खायला लागेल. परत खायला लागला की बंद. हाच सगळा धडा आहे: तो सैल झाला की आवाज बंद होतो. तो बुजलेला असताना बंद केलात तर बुजल्याने आवाज थांबतो हे तो शिकतो. उद्या जवळ. परवा आपला तळहात त्याच्या खांद्यावर ठेवा आणि मसाजरची थरथरणारी पाठ आपल्या हातावर टेकवा. थरथर तुमच्या हातातून त्याला पोचते, कातडीला एकदम लागत नाही. मग हात काढून घ्या. खांद्यापासून सुरुवात करा, डोकं, पोट, कुशी सगळ्यात शेवटी. दिवसातून दोनदा, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही.

शुक्रवारपर्यंत तो खांद्यावर सैल उभा राहत नसेल तर क्लिपरना फोन करून तसं सांगा. लपवू नका. त्या वेळ वाढवून देतील, पशुवैद्यक बोलवा म्हणतील किंवा मान-छातीचं छोटं क्लिप आधी करून बघतील.

अश्ववैद्यक

गुंगीबद्दल स्पष्ट लिहिते, कारण यात चुका फार होतात.

जिभेखाली द्यायचं डेटोमिडिनचं जेल पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर मिळतं. मात्रा वजनावर ठरते, तुमच्या पशुवैद्यकांनी सांगितलेलीच द्या. हातमोजे घालून, जिभेखालीच. घशाकडे गेलं आणि घोड्याने गिळलं तर असर फार कमी होतो. द्यायच्या आधी तोंडातला चारा काढा. मग सुमारे ४० मिनिटं घोड्याला शांत, अंधाऱ्या जागी एकटं सोडा. पंधरा मिनिटांनीच मशीन सुरू केलं की घोडा अंगातल्या भीतीने गुंगीवर मात करतो आणि मग ती धरत नाही. ही सगळ्यात नेहमीची चूक.

शिरेतून दिलेली गुंगी पाच-दहा मिनिटांत चढते आणि तासाभरात उतरायला लागते. म्हणून पशुवैद्यक असतील तेव्हा डोकं, कान आणि कुशी आधी उरकायची, सोपी अंगं नंतर.

दोन गोष्टी. गुंगीतला घोडा मान खाली घालून डुलत असला तरी अचूक लाथ मारू शकतो. आणि या गटातल्या औषधांनी घोड्याला घाम फुटतो, कानामागे, मानेवर, कुशीत. घाम आला की लव ओली आणि क्लिपिंग अडलं, तेव्हा घाम येणाऱ्या जागा आधी उरका. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत वैरण नाही, घास घशात अडकतो. एसीपीच्या (सौम्य गुंगीच्या) गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. घोडा झोपाळू दिसतो, पण दचकणं जात नाही.

पन्हाळकरीण

ट्विच (ओठ पिळून धरायची फासाची काठी) लावायची वेळ आलीच तर वरच्या ओठाला, अनुभवी माणसाने, पाच मिनिटांपुरती. कानाला कधीही नाही. कान पिळलेला घोडा पुढे वर्षभर मोहरकी घालू देत नाही.

घोडा पक्का बांधू नका. धरणारा माणूस हवा, डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, आणि क्लिपर ज्या बाजूला असतील त्याच बाजूला. म्हणजे घोडा बुजला तर त्याचं डोकं त्यांच्याकडे आणि मागचा भाग दूर जातो. पोटाचं आणि कोपराचं काम चालू असताना त्याच माणसाने पुढचा पाय पुढे ओढून धरायचा, म्हणजे कोपरामागची घडी ताणली जाते. घडीतली कातडी सैल राहिली तर तिथेच कापतं.

वैरणीच्या जाळीवरून मतभेद आहेत. कंबर-पुठ्ठ्याचं काम चालू असताना असू द्या, घोडा रमतो. मान आणि डोक्याला सुरुवात झाली की काढा, चघळताना गाल आणि मान सतत हलते.

पानझड (यॉर्कशर)

क्लिपिंग होताच काय घालायचं? यार्डवर कोणी १०० ग्रॅम भरणाची झूल (आकडा मोठा तितकी ऊब जास्त) म्हणतं, कोणी ३०० ची.

उंबरठा

कापत जातील तसतशी कंबरेवर झूल टाकत जा, शेवटी एकदम नाही. झाल्यावर पन्हाळकरीण यांचा गरम फडका, या वेळी बेबी ऑइलच्या शिंतोड्यासह, मग सुती चादर आणि वर २०० ग्रॅमची. ब्लँकेट क्लिपला ऑक्टोबरच्या रात्री इतकी पुरते. मान मोकळी झालीय, तेव्हा मानेचा भाग असलेली घ्या. झुलींचं माप आजच तपासा. दाट लवेवर बसणारी झूल कापलेल्या अंगावर सैल पडते आणि विदर्सवर (मानेच्या मुळाशी खांद्यांमधल्या उंचवट्यावर) घासते.

सिंहगडरोड

मधेच विचारतो. पुण्यात थरोब्रेड किंवा मारवाडी घोड्याला हे लागतं का?

खरारा

सहसा नाही. हिवाळी लव थंडीपेक्षा दिवसाच्या लांबीने येते. पुण्यात डिसेंबरचा सगळ्यात लहान दिवस सुमारे ११ तासांचा, यॉर्कला जेमतेम साडेसात. त्यामुळे आपल्याकडची लव पातळच राहते, रोजचा खरारा आणि मालिश पुरते. अपवाद म्हातारा घोडा. पंधरा वर्षांपुढच्या घोड्याची लव उन्हाळ्यातही गळत नसेल, लांब आणि कुरळी होत असेल तर पीपीआयडीची, म्हणजे कुशिंग या मेंदूतल्या ग्रंथीच्या विकाराची तपासणी करून घ्या. अशा घोड्याला चैत्र-वैशाखात क्लिपिंग करून मोकळं करणं हीच दया, आणि तयारी वर लिहिली तीच.

अश्ववैद्यक

पानझड, रविवारी पहाटे झुलीखाली हात घालून बघा, विदर्सच्या मागे आणि कोपराच्या मागे. तिथे उबदार आणि कोरडं असेल तर झूल बरोबर. दमट असेल तर एक थर कमी करा, गार असेल तर वाढवा आणि वैरण आधी वाढवा, दाणा नाही. कान गार लागले म्हणून घाबरू नका, कान नेहमीच गार लागतात. पुढचं क्लिपिंग लव परत भरली की, साधारण चार-पाच आठवड्यांनी, आणि शेवटचं जानेवारी संपायच्या आत, कारण त्यानंतर उन्हाळी लव मुळातून यायला लागते.